शुक्रवारचा बिल्ला

अष्टमी गावात नझीर तीन. रिक्षावाला नझीर, कोंबडीवाला नझीर आणि मेलेला नझीर. यातला तिसरा अठ्ठावन्न वर्षांचा, अंगाने धडधाकट. रोज सकाळी कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात पाव आणायला चालत जातो. वाटेत कोणीतरी हमखास ओरडतं, "ओ मेलेले, आज लवकर?" आणि तो हात वर करून हसतो. वीस-एकवीस वर्षं हे चाललंय. आता ती चेष्टाही राहिलेली नाही, नुसतं नाव झालंय.

त्याचं असं झालं. दोन हजार चार साली नझीर इराकमध्ये अमेरिकन सैन्याच्या एका तळावर स्वयंपाकी होता. कुवेतच्या एका कंत्राटदाराने नेलेला. नाडकरांच्या घरी तेव्हा फोन नव्हता, निरोप नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात यायचे. एके दिवशी तिथे कंपनीचा फोन आला, की तळाच्या फाटकावर गाडीत बॉम्ब फुटला आणि त्यात नझीर नाडकर गेला. बायको आमना जागच्या जागी कोसळली. मशिदीत गायबाना नमाज झाली, म्हणजे मय्यत समोर नसताना पढतात ती. तिसऱ्या दिवशी जियारतीला दुवा मागत माणसं बसलेली असताना दुकानात पुन्हा फोन वाजला. "मी नझीर बोलतोय, आमनाला बोलवा." दुकानदाराने फोन खाली टाकला आणि दुकान उघडं सोडून पळाला. त्याची समजूत पटवून आमनाला फोनवर आणेपर्यंत अर्धा तास गेला. हा किस्सा अष्टमीत अजूनही लग्नाच्या पंगतीत सांगतात.

"ऑफिसची चूक," सगळे म्हणाले. अल्लाचे आभार मानले, शेवया केल्या. पण इतक्या हसण्या-रडण्यात एक साधा प्रश्न राहून गेला. नझीर जिवंत, तर मग मेला कोण? अख्ख्या गावात एकालाही तो सुचू नये, याचं मला कधी कधी नवल वाटतं. आमनाला सुचला असेल, पण तिला विचारायची भीती वाटली असावी. नझीर घरी आला तेव्हा या प्रश्नाची तयारी करून आला होता. कोणी विचारलं की सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. कोणी विचारलंच नाही. माणसं गळ्यात पडत होती, पाठ थोपटत होती, आणि तो त्यांच्यात बसून एकटा पडत गेला.

आता तर घरातही कोणी नाही. आमना तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा उबेद कतारला. मुलगी इकरा, तो परतल्यावर पुढच्या साली झालेली, पनवेलला कॉलेजात, होस्टेलवर. चारशे माणसांचा भात एका दमात काढणारा हा माणूस एकट्यासाठी वाटीभर तांदूळ घेतो आणि तरी हाताला सवय असल्यामुळे उरेल इतकं करतो. मग शेजारी वाटतो. शेजारी म्हणतात, मेलेल्याच्या हाताला काय चव हाय.

त्याच्या हाताची चव सगळ्यात जास्त माहीत होती ती सुभाषला. सुभाष धर्मा म्हात्रे, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरवाल्या घरातला. मुंबईत एजंटच्या ऑफिसात दोघं एका बाकावर बसले. एक रोह्याचा, दुसरा पेणचा, हे कळल्यावर दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. घरी असताना एकाने दुसऱ्याकडे बघितलंही नसतं. तिकडे वाळूत मात्र पेण आणि रोहा एकाच आळीत आले. सुभाष रात्रपाळीला बेकरीत पीठ मळायचा आणि नझीर दिवसपाळीला भात-रस्सा बघायचा.

तळावर शिरायला गळ्यात बिल्ला लागे. दिवसपाळीचा पांढरा, रात्रपाळीचा निळा. पाळी बदलून देणं कंत्राटदाराच्या नियमात बसत नव्हतं. आता नझीरला शुक्रवारची नमाज चुकवायची नव्हती आणि सुभाषला गणपती चुकवायचा नव्हता. दोघांनी आपापसात तोड काढली. शुक्रवारी रात्रपाळी संपवून सुभाष फाटकाबाहेर येई, आपला निळा बिल्ला नझीरच्या हाती देई, नझीरचा पांढरा गळ्यात घाली आणि पुन्हा रांगेत उभा राही. फोटो होता बिल्ल्यावर, पण दोघंही काळेसावळे, दोघांनाही मिशा. गोऱ्या सोल्जरला दोघांत फरक कळत नव्हता. बदल्यात गणपतीचा दीड दिवस नझीर त्याची रात्रपाळी करणार होता. आणि शुक्रवारी नमाजेनंतर कामगारांच्या छावणीत नझीर बिर्याणी करी, तिचा एक डबा सुभाषसाठी बाजूला ठेवला जाई. "जुम्म्याची बिर्याणी खायला मी दोन पाळ्या काय, चार करीन," तो म्हणायचा.

तो गणपतीच्या आधीचा दिवस होता, शुक्रवार. पेणचा माणूस तो, गणपती विकत कुठे मिळतोय म्हणून रडत बसणारा नव्हता. बेकरीतल्या पिठाचा वीतभर गणपती त्याने आठ दिवस आधीच करून खाटेवरच्या फळीवर सुकत ठेवला होता. नझीरने मटण रात्रीच मुरवून ठेवलं होतं. सकाळी फाटकाबाहेर नझीरने बिल्ला स्वतःच्या गळ्यातून काढला आणि सुभाषच्या गळ्यात घातला. "डबा मोठा ठेव," सुभाष म्हणाला. नझीर छावणीकडच्या ट्रकमध्ये चढला. ट्रक वळणावर पोचतोय तोच मागे आवाज झाला.

ज्यांनी ती गाडी पाठवली त्यांना तेव्हा नाव नव्हतं, किंवा होतं ते कोणाला नीट माहीत नव्हतं. आज त्यांचं नाव घेतलं की टीव्हीवर काळे झेंडे दाखवतात. तेव्हा नुसतं कोणीतरी आलं आणि फोडून गेलं, एवढंच. सकाळी कामाला निघालेली माणसं रांगेत उभी होती. त्यांचं कोणाशी काही भांडण नव्हतं.

नझीर धावत सुपरवायझरकडे गेला आणि रडत रडत सगळं सांगितलं. सुपरवायझर आपलाच, हिंदुस्थानी. त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, "बॉम्ब फुटायच्या दिवशी तू गैरहजर. तुझ्या जागी तू एका हिंदूला उभं केलंस, खोट्या बिल्ल्यावर. आणि तू शुक्रवारची नमाज पढणारा. सोल्जर काय विचारतील, सांग? तुला आधी कोणी सांगितलं होतं, हेच ना?" नझीरची जीभ जी टाळूला चिकटली ती चिकटली.

प्रेत ओळखण्यासारखं नव्हतं. गळ्यात बिल्ला नझीरचा, म्हणून मुसलमान समजून त्याला तिथल्याच कबरस्तानात पुरलं. नमाजेला छावणीतले दहा-बाराजण होते. शेवटच्या ओळीत, तोंडाला फडकं बांधून, नझीर आपल्याच जनाज्याच्या नमाजेला उभा राहिला. शनिवारी रात्री त्याने पिठाचा गणपती फळीवर बसवला. त्याला मंत्र येत नव्हते, नुसता एक दिवा लावला. दीड दिवसाने बादलीत सोडला. मुरवलेलं मटण तसंच राहिलं होतं, ते टाकून दिलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीने त्याला कुवेतमार्गे गुपचूप घरी धाडलं. कुवेतच्या ऑफिसात चूक कळली होती, पण उकरून काढायची कोणाला गरज नव्हती. नझीर जिवंत, मग डोकी मोजताना एक माणूस कमी भरत होता. सुभाषच्या नावापुढे त्यांनी लिहून टाकलं, की हा काम सोडून परस्पर निघून गेला. तसं पत्रही पेणला पोचलं. पेपरवाल्यांना दिलेल्या यादीत मात्र नझीरच मेलेला राहिला.

आल्याच्या चौथ्या दिवशी तो सुभाषच्या घरी गेला. सांगायलाच गेला होता, त्यात खोटं नाही. दारात सुभाषची बायको नंदा उभी. जेमतेम पंचविशीची, हातात हिरव्या बांगड्या, सुभाषने पाठवलेल्या फोटोवरून ओळखून तोंडावर हसू. नझीरने तोंड उघडायच्या आत तिने पाट मांडला आणि विचारलं, "ते पत्र खोटं हाय ना, नझीरभाऊ? हे कधी येतील?"

"येईल," नझीर म्हणाला.

एवढा एक शब्द. तो तोंडातून गेला आणि मग तिच्या हातचा चहा आला. चहा पिऊन झाल्यावर तो शब्द परत घ्यायचा धीर त्याला झाला नाही. लोक मोठी पापं करताना तयारी तरी करतात. याने पाटावर बसून, घाबरून केलं.

त्यानंतर दरसाल गणपतीच्या आठ दिवस आधी तो पेणला जातो. नंदावयनीसाठी पितळी डब्यात शेवयांची खीर नेतो. ती विचारते, "काय कळलं?" तो मान हलवतो. ती डबा धुऊन त्यात पोह्याचे पापड भरून देते, रिकामा डबा कधी परत देत नाही. मधल्या काळात दिराने मुंबईला एजंटकडे खेपा घातल्या, तो थकला आणि वारला. सासू गिरजाबाई मुलाची वाट बघत गेली. मूल नव्हतं. गावाने ठरवून टाकलं, की सुभाषने तिकडे दुसरी केली. दहा-बारा वर्षांनी नंदाचाही त्यावर विश्वास बसला. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारते आणि हात चालता चालता नवऱ्याला शिव्या घालते. वटपौर्णिमा मात्र करते. बायका कुजबुजतात, पळून गेलेल्यासाठी सात जन्म कसले मागते ही. नझीर हे सगळं दरसाल ऐकतो, पापड घेतो आणि परत येतो.

यंदा श्रावणात इकरा सुट्टीला घरी आली. कॉलेजात तिला प्रकल्प होता, विषय ती काळ्या झेंड्यांची संघटना, तिचे अगदी सुरुवातीचे हल्ले. रात्रीचं जेवण झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन ओटीवर बसली होती. "अब्बा, लोकांना वाटतं हे सगळं झेंडे दिसले तेव्हा सुरू झालं," ती सांगत होती. "दहा वर्षं आधीच चालू होतं. नाव बदलत होते, बस." मग ती हसायला लागली. "अब्बा! ह्या यादीत तुमी हाव. फाटकावरचा हल्ला, मृतांत एक भारतीय, नझीर नाडकर. थांबा, मी यांना मेल टाकते, हे नाव काढा म्हणून."

"नको काढूस," नझीर एकदम म्हणाला.

"का? खोटं हाय ते."

"त्या ओळीत मानूस हाय, बेटा."

इकराचं हसू गेलं. मग एकवीस वर्षांत अष्टमीत कोणी विचारला नव्हता तो प्रश्न तिने विचारला. "अब्बा, मग त्या दिवशी मेला कोण?"

त्याने सांगितलं. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, ही आता उठून आत जाईल. ती उठली नाही. फक्त म्हणाली, "त्याच्या बायकोला सांगितलं नाय तर हे नाव बदलायचा हक मला नाय. आणि तुमालापण गप बसायचा नाय." इतकं स्पष्ट बोलणारी मुलगी आपल्या पोटी कशी आली, असं त्याला वाटलं. त्या ओळीचा कागद तिने सकाळी रोह्यातून छापून आणून दिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने रोह्याहून सकाळची गाडी पकडली. निडी गेलं, नागोठणे गेलं. खिडकीबाहेर लावणी झालेली शेतं हिरवीगार होती. प्रत्येक स्टेशनवर त्याला उतरून परत जावंसं वाटलं, हे त्याने नंतर इकराला कबूल केलं. पेणहून वडखळच्या टमटममध्ये बसून तो खाडीकडच्या फाट्यावर उतरला.

नंदा कारखान्यात निघायच्या तयारीत होती. केसांना आदल्या दिवशीची पांढरी भुकटी तशीच. "आज कसे आलात? गणपतीला अजून महिना हाय. आणि डबा कुठाय?"

"वयनी, आज चाय करू नको," नझीर म्हणाला. "आधी ऐक."

त्याने पाट घेतला नाही, उंबऱ्याच्या बाहेरच बसला. पांढरा बिल्ला, निळा बिल्ला, शुक्रवार, सगळं सांगितलं. आपण घाबरलो हेही सांगितलं. नंदा भिंतीला पाठ लावून उभी होती. मध्ये ती एकदाच बोलली. "किती वाजले होते?"

"सकाळचे सात, सव्वासात."

"हरतालिकेचा दिवस," ती म्हणाली. "मी उपाशी. वाळू आणायला खाडीवर गेले होते."

मग तिने विचारलं, त्याच्याजवळ कोण होतं. नझीरने नमाजेचं सांगितलं, पिठाच्या गणपतीचं, बादलीचं सांगितलं. ते ऐकताना तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. खाली बसून ती बराच वेळ रडली. नझीरला वाटलं, आता ती बांगड्या फोडेल, ओरडेल, गाव गोळा करेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि कागद मागितला. इंग्रजी तिला येत नव्हतं. "ह्यात तो कुठं हाय, दाखवा."

नझीरने आपल्या नावावर बोट ठेवलं. तिने त्याचं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं.

"इथं त्याचं नाव घाला," ती म्हणाली. "पुरं घाला. बापाचं पन घाला, गावाचं पन. पळाला नाय, कामाला उभा होता, असं घाला."

"इकरा लिहील. मी सही करतो."

"करा." मग ती त्याच्याकडे बघून म्हणाली, अगदी हळू, आणि तेच त्याला सगळ्यात लागलं. "एकवीस वरसं मी त्याला शिव्या घातल्या, नझीरभाऊ. तुमी समोर बसून चाय पीत होतात."

तो उठला आणि फाट्यापर्यंत चालत आला. मागून कोणी हाक मारली नाही.

इकराने मेल पाठवला, सुभाष धर्मा म्हात्रे, गाव, तालुका, सगळं नीट लिहून. उत्तर अजून आलेलं नाही. गणपती आले आणि गेले. नझीर यंदा पेणला गेला नाही. खीर केली होती, ती शेजारी वाटली.

पितृपक्षात एका दुपारी फोन आला. नंदाच्या दिराचा मुलगा दत्ता बोलत होता. "नझीरकाका, काकी विचारते, सुभाषकाकाला तिकडं काय आवडायचं? सर्वपित्रीला त्याचं पान वाढायचंय. ती बोलते, हिकडचं तिला माहीत हाय, तिकडचं तुमालाच माहीत."

नझीर म्हणाला, "बिर्याणी. शुक्रवारची. चालेल का तुमच्यात?"

"आमच्यात मटन चालतं. मी विचारतो." फोनवर बायकांचं बोलणं ऐकू आलं. "काकी बोलते, तुमीच करून आणा. पन घरी येऊ नका. टेशनावर मी घेतो."

अमावास्येच्या आदल्या रात्री त्याने मटण मुरवलं आणि पहाटे दम दिला. एका डब्यापुरतं करायचं म्हणता म्हणता हात पुन्हा पुढे गेला, पण या खेपेला उरलेलं त्याने कोणाला दिलं नाही, सगळं त्याच डब्यात दाबून भरलं. पेणच्या फलाटावर दत्ताने डबा घेतला. "थांबा इथंच. काकी डबा लगेच देते बोलली."

तो बाकावर थांबला. एक गाडी गेली, एक मालगाडी गेली. दोन तासांनी दत्ता सायकलवरून परत आला. "काकीने सगळ्यात आधी तेच वाढलं," त्याने सांगितलं आणि डबा हातात दिला. घासून लखलखीत केलेला. नझीरने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून डबा रिकामा आला होता.

त्याने झाकण लावलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तक्रार करावीशी वाटली नाही. दरसालचे ते पापड आपल्याला पचत कसे होते, याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी रोह्याला उतरून तो पुलावरून अष्टमीकडे चालला होता. समोरून रिक्षावाला नझीर रिकामी रिक्षा घेऊन आला आणि सवयीने ओरडला, "ओ मेलेले, कुठं गेला होतात?"

याने हात वर केला नाही. रिक्षा थांबवली.

"मेला तो मी नाय," तो म्हणाला. "सुभाष म्हात्रे मेला. पेणचा. माझ्या जागी उभा होता."

रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली. मागे एक मोटारसायकल थांबली, दोन बाया पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. मेलेला नझीर रिकामा डबा काखेत धरून पुलाच्या कठड्याला टेकला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.